समुद्रकिनाऱ्यावर छत्री आणि सनबेड भाड्याने घेताना काय बघायचं?

चिमणचारा

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आम्ही सहा जण निघालोय. आम्ही दोघं, सासूबाई, सासरे, नऊ वर्षांची लेक आणि चार वर्षांचा एक उपद्व्यापी प्राणी. आधी इटलीत रिमिनी, मग ग्रीसमध्ये नाक्सोस. तिकिटं, हॉटेलं, व्हिसा सगळं मार्गी लागलं. घोडं अडलंय ते किनाऱ्यावरच्या छत्र्या आणि सनबेडपाशी, म्हणजे त्या आडवं पडायच्या खाटांपाशी.

रिमिनीचे फोटो बघितले तर नजर पोचेल तिथपर्यंत छत्र्याच छत्र्या. एका रंगाचा पट्टा संपला की लगेच दुसऱ्या रंगाचा सुरू. यात शिरायचं कुठून, पैसे कोणाला द्यायचे, माणशी द्यायचे की छत्रीमागे, काही कळत नाही. काही ठिकाणी पहिल्या रांगेचा दर वेगळा, मधल्यांचा वेगळा, मागच्यांचा वेगळा. पहिली रांग घेण्यात अर्थ आहे का? सहा जणांना तीन जोड्या घ्याव्याच लागतील का? मुलं काही खाटेवर टिकणार नाहीत, ती पाण्यात नाहीतर वाळूत असतील.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या सनबेडवर बसतील, पण उठणार कशा हा प्रश्न आहे. आणि आमचे अहो म्हणतात, "लोक ऊन खायला पैसे मोजतात, आपण ऊन चुकवायला मोजायचे, मग हॉटेलातच बसू की." त्यांना उत्तर द्यायला मुद्दे हवे आहेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

---

बाकावरचा

ताई, एवढा विचार करण्यासारखं काही नाही. छत्री विकत घ्या, दोन चटया घ्या, वाळूवर बसा. वाळू काही कोणाच्या बापाची नाही. भाड्याच्या खाटा म्हणजे उन्हाच्या नावाने वसुली. मी आजवर एकदाही घेतली नाही.

---

लाटांचा_हिशेब

बाकावरचे दादा, वाळू कोणाच्या बापाची नाही हे शंभर टक्के खरं. पण नाक्सोसला वारा सुटल्यावर तुमची छत्री कोणाच्या डोक्यात जाईल याचा नेम नाही. त्यावर पुढे येतो.

चिमणचाराताई, मी हॉटेलचं शिक्षण घेताना उन्हाळ्यात ग्रीसच्या एका बेटावर खाटा मांडायचं काम केलंय. बिल्ला लावून काउंटरवर बसणारा नव्हे, सकाळी वाळू ओढणारा, खाटांवरचं दव आणि मीठ पुसणारा, छत्र्या उघडणारा आणि संध्याकाळी गाद्या झटकून रचून ठेवणारा. त्यामुळे सांगतो ते गिऱ्हाइकाच्या नव्हे, मांडणाऱ्याच्या बाजूने.

पहिली गोष्ट, भाडं सहसा जोडीचं असतं. दोन खाटा आणि एक छत्री मिळून एक संच. माणशी पैसे कुठे लावत असतील तर तो अपवाद समजा आणि आधी विचारा. सहा जणांना तीन संच लागत नाहीत. दोन शेजारशेजारचे संच घ्या आणि एखादी जादा खाट किंवा खुर्ची मागा, ती वेगळी मिळते. मुलांसाठी खाट घेणं म्हणजे ओले टॉवेल वाळत घालायला भाडं भरणं.

दुसरं, तुम्ही पैसे देताय ते सावलीचे. खाट ही त्याच्यासोबत येणारी वस्तू. सकाळी लोक यायचे, समुद्राकडे बघायचे, पहिल्या रांगेकडे बोट दाखवायचे. वर आकाशाकडे कोणीही बघायचं नाही. मग साडेचार वाजता तेच लोक चिडून मला बोलवायचे, "आमच्यावर ऊन आलंय, छत्री सरकव." छत्री सरकत नाही हो! तिचा दांडा वाळूत पुरलेल्या बैठकीत बसवलेला असतो. सरकते ती खाट.

याचं गणित अगदी साधं आहे. छत्रीचं कापड जमिनीपासून साधारण दोन मीटरवर असतं. सूर्य ४५ अंशांवर उतरला की सावली दांड्यापासून दोन मीटर लांब पडते. जुलैत रिमिनी काय, नाक्सोस काय, दोन्हीकडे हे साडेचारच्या सुमाराला होतं. छत्रीची रुंदीच दोन मीटरच्या आसपास. म्हणजे त्या वेळी तुमच्या छत्रीची सावली तुमच्यावर नसतेच, ती पूर्वेकडच्या शेजाऱ्याच्या खाटेवर असते. तुम्हाला सावली मिळाली तर ती पश्चिमेकडच्याच्या छत्रीची. संपूर्ण किनारा दुपारनंतर दुसऱ्याच्या सावलीत झोपलेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो.

आता हे तुमच्या दोन ठिकाणांना लावा. रिमिनीचा किनारा ईशान्येकडे तोंड करून आहे. सूर्य समुद्रातून उगवतो आणि दुपारी तुमच्या पाठीमागे, गावाच्या बाजूला जातो. त्यामुळे सावल्या तिरप्या पुढे, समुद्राच्या दिशेने पडतात. दुसऱ्या रांगेची सावली पहिल्या रांगेला मिळते, अर्थात मागची छत्री उघडी असेल तर. सगळ्यात मागच्या रांगेला मात्र दुपारनंतर कोणाचाच आधार नाही. नाक्सोसचं उलट. आयिओस प्रोकोपिओस, प्लाका हे सगळे पश्चिमेच्या अंगाचे किनारे. दुपारी सूर्य समोर, डोळ्यांत. सावल्या मागे पडतात. तिथे पहिली रांग म्हणजे नाटकाची पहिली रांग, दाम जास्त आणि मान अवघडते ती वेगळीच. दुसरी रांग घ्या. पुढच्यांची सावली फुकट मिळते.

आणखी एक. युरोपात उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलेलं असतं. बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर असं समजू नका. रिमिनीत तो सव्वाएकच्या सुमाराला माथ्यावर येतो, नाक्सोसला जवळजवळ दीडला. "बारा ते दोन आत बसू आणि मग जाऊ" असा बेत केलात तर ऐन कडक उन्हात किनाऱ्यावर पोचाल. मुलांना सकाळी न्या, नाहीतर चारनंतर. उशिरा जाणार असाल तर अर्ध्या दिवसाचा दर आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी असतो, पण फलकावर बारीक अक्षरात असतो आणि आपण विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. मीही उघडायचो नाही, मालकाची तशी ताकीद होती.

तुमच्या अहोंना सांगा की छत्रीखाली बसलं म्हणजे ऊन चुकलं असं नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के. शिवाय निळ्या आकाशातूनही ते चारी बाजूंनी येत असतात. टेक्सासमधल्या एका तलावाकाठी यावर प्रयोग झाला होता, निष्कर्ष २०१७ साली छापून आले. काही लोक नुसत्या छत्रीखाली बसवले, काही नुसतं एसपीएफ १०० चं सनस्क्रीन लावून उन्हात, ऐन दुपारी साडेतीन तास. छत्रीवाल्यांपैकी ७८ टक्के भाजले, सनस्क्रीनवाल्यांपैकी २५ टक्के. म्हणजे एकट्याने दोन्हींपैकी काहीच पुरत नाही. "आपण सावळे, आपल्याला काय होतंय" हे वाक्य ऐकलं की मला संध्याकाळी काउंटरवर बर्फ मागायला येणारे देशबांधव आठवतात.

बाकीचं विचारा, सांगतो.

---

चिमणचारा

अहो, हे सगळं कुठल्याच प्रवासवर्णनात वाचलं नव्हतं! दुसऱ्याच्या सावलीत झोपलेला किनारा हे अहोंना वाचून दाखवलं, ते होकायंत्र शोधायला गेलेत.

आता पुढचं. एक, सासूबाईंचं काय करू? दोन, आधी बुकिंग करायचं की जाऊन बघायचं? तीन, ग्रीसमध्ये म्हणे खाट फुकट मिळते पण काहीतरी मागवावं लागतं, हे खरं का? आणि चार, आम्हाला एखाद्या दिवशी काहीच भाड्याने घ्यायचं नसेल तर त्या छत्र्यांच्या जंगलातून पाण्यापर्यंत जायला परवानगी असते का, की तिथेही तिकीट?

---

तळटीप

चौथ्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण हा माझा आवडता विषय आहे आणि घरात कोणी ऐकून घेत नाही.

इटलीत समुद्रकिनारा सरकारी मालमत्ता आहे. छत्रीवाल्याला जागा वापरायचा परवाना मिळतो, मालकी नाही. २००६ च्या कायदा क्रमांक २९६ प्रमाणे त्याने लोकांना आपल्या जागेतून पाण्यापर्यंत विनामूल्य जाऊ दिलंच पाहिजे, पोहायला जायचं असेल तरी. पाण्यालगतचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो, स्थानिक हुकुमांमध्ये तो सहसा पाच मीटरचा असतो. पण ताई, गंमत अशी की तो पट्टा चालण्यासाठी आणि जीवरक्षकांसाठी आहे. तिथे तुम्हालाही छत्री रोवता येत नाही. टॉवेल पसरून ठाण मांडलंत तर उठवतील, आणि ते नियमाला धरून असेल. काही न घेता बसायचं असेल तर मोकळा सार्वजनिक किनारा शोधायचा. रिमिनीत तो आहे, पण पट्टे थोडे आणि भाड्याच्या जागा फार.

हे परवाने वर्षानुवर्षं त्याच घराण्यांकडे आपोआप नूतनीकरण होत राहिले. युरोपीय संघाच्या २००६ च्या सेवाविषयक निर्देशाप्रमाणे ते स्पर्धेने दिले जायला हवेत. त्यावरून इटली आणि ब्रुसेल्स यांच्यात बरीच वर्षं जुंपली आहे. २०२४ मध्ये इटलीने चालू परवान्यांना सप्टेंबर २०२७ पर्यंत मुदत दिली. म्हणजे तुम्ही पाच वर्षांनी पुन्हा गेलात तर तोच रंग, तोच छत्रीवाला असेलच असं नाही.

ग्रीसमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरच्या रहिवाशांनी टॉवेल घेऊन किनाऱ्यावर मोर्चे काढले, कारण खाटांनी वाळू इतकी व्यापली होती की गावकऱ्यांनाच बसायला जागा उरली नव्हती. पारोस म्हणजे तुमच्या नाक्सोसचा शेजारी. त्यानंतर २०२४ चा कायदा ५०९२ आला. किनाऱ्याचा किमान ७० टक्के भाग खाटा-छत्र्यांपासून मोकळा, संरक्षित नैसर्गिक क्षेत्रात ८५ टक्के, आणि पाण्यापासून चार मीटरच्या आत काही मांडायचं नाही. काही किनारे तर पूर्णपणे अस्पर्श ठेवायचे म्हणून जाहीर झाले, तिथे भाड्याची एकही खाट लावायची नाही. माय-कोस्ट नावाचं सरकारी ॲप आहे. त्यावर कुठे किती जागा दिली आहे ते दिसतं आणि तक्रारही करता येते.

हाच धागा वाचून कोणी दुसरीकडे जाणार असेल तर त्यांच्यासाठी: फ्रान्समध्ये २००६ च्या अध्यादेशाप्रमाणे नैसर्गिक किनाऱ्याची ८० टक्के लांबी आणि ८० टक्के क्षेत्र मोकळं ठेवावं लागतं. स्पेनमध्ये भरतीच्या रेषेपासून सहा मीटर. आणि स्पेनच्या काही नगरपालिका पहाटे येऊन छत्री रोवून जागा अडवणाऱ्यांच्या छत्र्या उचलून नेतात, वर दंडही करतात. जागा अडवायला रुमाल टाकण्याची सवय असलेल्यांनी नोंद घ्यावी.

---

बाकावरचा

बघा, मी म्हटलं ना! ७० टक्के मोकळं आहे. छत्री घ्या आणि चला.

---

वारावादळ

बाकावरचे, मी तुमच्याच पंथाची, स्वतःची छत्री नेणारी. म्हणूनच सांगते, ग्रीसच्या बेटांवर जुलै-ऑगस्टमध्ये नको. तिथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा असतो. सकाळी गपगार, दुपारी असा उठतो की टोपी, पुस्तक आणि छत्री एकाच दिशेला जातात. नाक्सोसवर मिक्री विग्ला नावाचा भाग आहे, तिथे लोक खास वाऱ्यासाठीच पतंग लावून पाण्यावर घसरायला येतात. जिथे तसले पतंगवाले दिसतील तिथे छत्री उघडायची नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

न्यायचीच असेल तर दांडा हातभर नव्हे, निदान ६० सेंटीमीटर आत गेला पाहिजे. नुसता दाबायचा नाही. पुढे-मागे हलवत, रुतवत न्यायचा. मग दांडा वाऱ्याकडे झुकवायचा, म्हणजे वारा कापडाला खाली दाबतो. लोक नेमकं उलट करतात, ऊन चुकवायला छत्री वाऱ्याच्या पोटात उघडी करून ठेवतात. उडालेली छत्री टोकावर लोळत जाते आणि दांड्याचं टोक अणकुचीदार असतं. अमेरिकेत अशा अपघातांत माणसं दगावली आहेत, म्हणून २०२४ मध्ये तिथे किनाऱ्यावरच्या छत्र्यांसाठी खास मानक तयार झालं. ताशी ४८ किलोमीटरच्या वाऱ्यात छत्री जागची हलता कामा नये असं त्यात आहे. आपण विमानाच्या बॅगेत बसेल म्हणून जी काडीपैलवान छत्री घेतो, ती या परीक्षेला बसणारसुद्धा नाही.

आणि गोट्यांचा किनारा असेल तर विषयच संपला. दगडात दांडा जात नाही. तिथे भाड्याचीच घ्या, त्यांच्या बुडाला सिमेंटचं नाहीतर लोखंडाचं वजन असतं.

---

गारठलेली

विषय जरा बाजूला नेते, माफी असावी. मी जर्मनीत राहते. इथे बाल्टिकच्या काठावर छत्री-खाट हा प्रकार कमी, वेताची झाकलेली दोन माणसांची आसनं जास्त. वर टप, खाली पाय ठेवायला ओढायच्या फळ्या. १८८२ साली रोस्टोकचे वेतकाम करणारे विल्हेल्म बार्टेलमान यांच्याकडे संधिवाताने त्रासलेल्या एका बाई आल्या. त्यांना समुद्रकाठी बसायचं होतं पण वारा सोसत नव्हता. त्यांच्यासाठी त्यांनी हे आसन बनवलं. लोकांनी मागणी केली, आणि पुढच्याच वर्षी वार्नेम्युंडेला ती भाड्याने द्यायचं पहिलं दुकान काढलं ते त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी. म्हणजे हा भाड्याचा धंदा सुरू झाला तोच एका दुखऱ्या सांध्यांच्या बाईंमुळे. सासूबाईंना सांगा, त्यांची परंपरा मोठी आहे.

---

लाटांचा_हिशेब

गारठलेल्या ताई, हे मला माहीत नव्हतं. छान सांगितलंत.

चिमणचाराताई, आता उरलेले तीन प्रश्न.

सासूबाईंसाठी सनबेड मागूच नका. नेहमीची खाट गुडघ्याच्या खाली असते, जाळीचं कापड मध्ये झोळासारखं बसतं, आणि उठताना हाताला धरायला काही नसतं. त्या पडतील त्या खाटेतून उठताना, पाण्यात नव्हे. इटलीत कापडी घडीच्या खुर्च्या मिळतात, सिनेमाचा दिग्दर्शक बसतो तशा, हात टेकायला दांडे असलेल्या. एका खाटेऐवजी ती द्या म्हणा, पुष्कळदा बदलून देतात. सासरेबुवांनाही तीच बरी पडेल, पेपर वाचायला. काही ठिकाणी उंच पायांच्या खाटाही ठेवतात. बुकिंग करताना विचारलंत तर बाजूला काढून ठेवतील, ऐनवेळी विचारलंत तर त्या कोणीतरी नेलेल्या असतील.

जागा वाटेच्या कडेची घ्या. इटलीत रांगांमधून पाण्याकडे फळ्यांची नाहीतर सिमेंटची वाट गेलेली असते. तापलेल्या वाळूत दहा पावलं टाकणं वयस्कर माणसाला किती जड जातं ते मी रोज बघायचो. वाटेच्या कडेला वर्दळ असते, शांतता कमी, पण तुमच्याबरोबर चार वर्षांचा प्राणी आहे म्हटल्यावर शांततेचा प्रश्न तसाही निकालात निघाला. नाक्सोसला जाताना आणखी एक बघून ठेवा. ग्रीसमध्ये बऱ्याच किनाऱ्यांवर सीट्रॅक नावाची सोय आहे, सौरऊर्जेवर चालणारी खुर्ची रुळावरून थेट पाण्यात घेऊन जाते. ती मुख्यतः चाकाच्या खुर्चीवरच्या लोकांसाठी, पण ज्यांना चालणं कठीण आहे त्यांनाही वापरता येते आणि पैसे लागत नाहीत. सासूबाईंना समुद्रात बसवायचं असेल तर कुठे आहे ते शोधा.

बुकिंगचं असं. रिमिनीत आधी करा. तिथल्या प्रत्येक भाड्याच्या जागेला नंबर असतो, छत्रीलाही नंबर असतो, आणि एकदा घेतलेली छत्री दिवसभर तुमची. मधे दोन तास हॉटेलवर जाऊन आलात तरी कोणी बसत नाही. चार-पाच दिवस राहणार असाल तर एकदम घ्या, रोजच्यापेक्षा परवडतं. पण तिथली चांगली जागा पूर्ण मोसमासाठी घेतलेल्या कुटुंबांकडे असते. आजोबांच्या काळापासून तीच छत्री. त्यामुळे "पहिल्या रांगेत जागा नाही" असं सांगितलं आणि ती रांग रिकामी दिसली तरी भांडू नका. ते लोक पाचला येतात. एक बरं आहे, रिमिनीचं पाणी फार लांबपर्यंत उथळ आहे. मुलांवर नजर ठेवायला पहिल्या रांगेची गरज नाही, तुम्हाला तसंही त्यांच्यामागे पाण्यात चालत जावं लागणार.

नाक्सोसला मात्र घाई करू नका. सकाळी जा, वारा कुठून आहे ते बघा, मग ठरवा. आधी पैसे भरून बसलात आणि मेल्तेमी सुटला तर मांडणारा पोरगा छत्र्या मिटून टाकेल. त्याला दुसरा इलाजच नसतो. मग तुमच्याकडे उरते सावलीशिवायची खाट. वाऱ्यामुळे छत्री मिटली तर पैशांचं काय, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा. नंतर विचारणाऱ्यांना मी जे उत्तर द्यायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खाट फुकट, मागवलं तर. हो, हे खरं आहे. किनाऱ्यामागे बार असतो, खाटा त्याच्या. पण यात चार प्रकार आहेत आणि चारही "फुकट" या एकाच शब्दाखाली खपतात. कुठे काहीही मागवा, चालतं. कुठे अमुक रकमेचं मागवलंच पाहिजे. कुठे खाटेचे पैसे आधी घेतात आणि बिलातून वजा करतात. आणि कुठे ती रकमेची अट माणशी असते, संचामागे नव्हे. सहा माणसांना हा शेवटचा प्रकार भोवतो. त्यामुळे बसण्याआधी उभ्यानेच विचारा: रक्कम किती, माणशी की छत्रीमागे, मुलं धरून की सोडून. पावती घ्या आणि जपून ठेवा. दुपारी पाळी बदलते, नवा पोरगा येतो, त्याला तुम्ही पैसे दिलेत हे माहीत नसतं.

गाद्यांचं राहिलं. लाकडी खाटेवर गादी लागतेच, जाळीच्या खाटेवर नाही लागत. गादीचे वेगळे पैसे मागत असतील तर जाळीची बघा आणि आपला जाड टॉवेल टाका. इटलीतल्या बऱ्याच खाटांना डोक्याच्या बाजूला छोटा टप असतो, पुढे-मागे होणारा. तो लोकांना दिसतच नाही. दुपारी छत्रीची सावली सरकली की तोच ओढून घ्यायचा, निदान चेहरा तरी वाचतो.

---

चिमणचारा

दंडवत घ्या! रिमिनीला दोन संच वाटेच्या कडेला, दोन खाटांऐवजी दिग्दर्शकाच्या दोन खुर्च्या, असा निरोप पाठवलाय. नाक्सोसला दुसरी रांग, जाऊन बघून. अहोंचं आता म्हणणं आहे की रिमिनीत मागून दुसरी रांग घ्यावी म्हणजे शेवटच्या रांगेची सावली मिळेल आणि दरही कमी पडेल. बरोबर आहे का? आणि खाट मांडणाऱ्या मुलाला वर काही द्यायचं असतं का?

---

लाटांचा_हिशेब

अहो तयार झाले की! बरोबर आहे, फक्त मागची रांग भरलेली असली पाहिजे. शेवटच्या रांगेत गिऱ्हाईक नसेल तर तिथल्या छत्र्या मिटलेल्याच राहतात आणि मिटलेल्या छत्रीची सावली काठीएवढी. म्हणून अगदी मागे जाण्यापेक्षा मधली रांग धरा. मधल्या रांगा जुलैत भरतात, आणि दर पहिल्या रांगेपेक्षा कमीच असतो.

वर द्यायची सक्ती नाही. पण द्यायचं असेल तर जाताना नाही, पहिल्या दिवशी सकाळी द्या. सासूबाईंची खुर्ची रोज उन्हाप्रमाणे न सांगता सरकेल.